दिवसापुरत्या पाहुण्या

पार्सिपनी, न्यू जर्सी
बुधवार, १५ ऑक्टोबर १९८६

नीला,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे पाहून तू पत्र लगेच फोडशील की दोन दिवस कपाटावर ठेवून देशील, मला माहीत नाही. मी तुला शेवटचं लिहिलं त्याला बावीस महिने झाले. त्या पत्रात काय होतं ते मला पाठ आहे, तुलाही असणार. ते आज उकरून काढत नाही. हे पत्र आईबद्दल आहे.

आई बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. गुडघे दुखतात, पण ते संगमेश्वरलाही दुखायचेच.

गेल्या शनिवारी मी तिला एका ठिकाणी घेऊन गेले होते. माझ्या ऑफिसातल्या साहेबीण, मिसेस ब्रँडन, दर ऑक्टोबरात आठवडाभर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका बड्या हॉटेलात राहायला जातात. तिथे गरम पाण्याचा झरा आहे आणि त्यावर ऐंशी वर्षांपूर्वी बांधलेलं स्नानगृह. हॉटेलात उतरलेल्या माणसाला एका दिवसापुरते दोन पाहुणे आत बोलावता येतात. मिसेस ब्रँडन मला म्हणाल्या, वर्षभर खूप काम केलंस, शनिवारी ये, बरोबर कुणाला तरी आण. प्रतापने मुलांकडे बघायचं कबूल केलं. मी आईला नेलं.

पहाटे सहाला निघालो, नऊला पोचलो. झाडं सगळी लाल आणि पिवळी झालेली. आईने डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. स्नानगृह म्हणजे आठकोनी मोठा हॉल, खाली हिरव्या फरश्या, वर काचेचं छप्पर, मधोमध हौद आणि पाण्यावर वाफ. गंधकाचा वास दारातच येतो. आईने वाकून बोटं बुडवली आणि म्हणाली, "आमच्या तुरळच्या कुंडात याहून कढत असतं." तरी तिला आवडलं. पाय सोडून बसली होती.

आमच्यासारख्या दिवसापुरत्या पाहुण्यांच्या मनगटाला हिरवी कागदी पट्टी बांधतात. राहणाऱ्यांच्या गळ्यात रिबिनीला पितळी किल्ली असते. हिरव्या पट्टीवाल्यांनी जेवणघरात, वाचनालयात आणि व्हरांड्यात बसायचं नाही, अशी पाटी होती. आईने ती इंग्रजी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, शाळेच्या तपासणीला आल्यासारखी. दुपारी मी व्हरांड्यात जेवले, कारण मिसेस ब्रँडननी खास बोलावलं. ट्राउट मासा होता. समोर डोंगर. सगळं फार छान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता आई म्हणाली, "शैला, मला डिसेंबरात परत जायचंय. तिकिटाचं बघ."

असं अचानक. विक्रमच्या जन्माला आली तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती, हे मला मान्य आहे, पण आता तो सव्वादोन वर्षांचा आहे आणि तिच्याशिवाय जेवत नाही. शिवाय डिसेंबरात इकडे बर्फ, तिकडे थंडी, लांबचा प्रवास. मला जानेवारीपासून आठवड्यातले तीन दिवस हार्टफर्डला जावं लागणार आहे. म्हणजे ते कारण नाही, पण तेही आहे.

तू तिला लिहिशील का, की मेपर्यंत राहा? तुझं ती ऐकते. माझ्यासाठी लिहू नकोस. तिच्या गुडघ्यांसाठी लिही.

शैला

पार्सिपनी
सोमवार, २७ ऑक्टोबर

नीला,

पहिलं पत्र तुझ्या हातात पडलंही नसेल आणि मी दुसरं लिहितेय. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसले आहे, पॅड स्टिअरिंगला टेकवून. लंचचा अर्धा तास आहे. घरी लिहिता येत नाही, आई समोर असते.

त्या शनिवारपासून ती बदलली आहे. रागावलेली नाही. ती रागावली की दोन दिवस भांडी आपटते आणि तिसऱ्या दिवशी आपल्या आवडीचं काहीतरी करते, हे तुला माहीत आहे. आता ती नीट वागते. फार नीट. पूर्वी मी निघाले की म्हणायची, "आज तरी वेळेवर येशील का?" आता विचारते, "किती वाजता येणार? त्याप्रमाणे मुलांचं करते." प्रतापचे शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवते. पूर्वी कधी केले नव्हते, म्हणायची, त्याला हात आहेत.

जेवायला टेबलाशी बसत नाही. "तुमचं होऊ दे" म्हणते आणि नंतर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून जेवते. सीमाने विचारलं, "व्हाय इज आजी ईटिंग इन द किचन?" मी म्हटलं, आजीच्या गुडघ्यांना इथली खुर्ची उंच पडते. सीमा म्हणाली, "द स्टूल इज हायर, मॉम." प्रतापने माझ्याकडे पाहिलं आणि परत ताटात पाहिलं.

गेल्या गुरुवारी तिने सांगितलं, "मला रविवारी सुट्टी हवी."

मला हसू आलं. "सुट्टी कसली, आई?"

"अशा बायकांना एक दिवस सुट्टी असते ना? मी शोभाला फोनवर विचारलं. तिच्या शेजारच्यांकडे बाई आहे, तिला असते."

चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. शोभा म्हणजे एडिसनची माझी मैत्रीण, तिच्या बेसमेंटमध्ये रविवारी आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. काल प्रतापने आईला तिकडे सोडलं आणि संध्याकाळी आणलं. मी दिवसभर मुलांबरोबर घरी होते. विक्रम दारापाशी बसून राहिला. मी तीनदा मशीन लावलं, कपडे नसताना.

तुला एक गोष्ट लिहायची राहिली. त्या झऱ्यावर एक घोटाळा झाला. मिसेस ब्रँडनना वाटलं की आई आमच्याकडे कामाला आहे. इथल्या लोकांना आपल्यातलं कोण कुणाचं ते ओळखू येत नाही. मला तिथल्या तिथे बोलायला जमलं नाही, आणि मग ते तसंच राहून गेलं. आईने ते मनाला लावून घेतलं असावं. एवढंच झालं.

अर्धा तास संपला. पार्किंगमध्ये लोक परत येताहेत.

शैला

पार्सिपनी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

नीला,

तुझं पत्र मागच्या सोमवारी आलं. साडेचार ओळी. मेपर्यंत राहण्याबद्दल तू अक्षरही लिहिलं नाहीस. लिहिलंस ते एवढंच, की आईचं पत्र आलंय आणि त्यात तिने म्हटलंय, "शैलाने गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं, पाय शेकले. तिच्या साहेबिणीसमोर मी तिला सांभाळून घेतलं." म्हणजे नक्की काय झालं, खरं सांगणार असशील तरच लिही, असं तू म्हणतेस.

आठवडा गेला. दिवाळी आधीच होऊन गेली होती, तीही अशीच, फराळ आईने केला आणि डबे भरून ठेवले. दोनदा तुला लिहायला बसले आणि कागद फाडला. आज सांगते.

गैरसमज मिसेस ब्रँडनचा नव्हता. तो मी करून दिला होता, वर्षभर आधी.

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे एक जागा रिकामी झाली, हाताखाली सात प्रोग्रामर असलेली. माझ्याआधी तिथे जी बाई होती ती सासूच्या भरवशावर काम करायची. सासू फ्लोरिडाला निघून गेली आणि हिने चार महिन्यांत राजीनामा दिला. मिसेस ब्रँडननी मुलाखतीत मला हे सगळं सांगितलं, आणि मग पेन हातात धरून विचारलं, "तुला दोन लहान मुलं आहेत. त्यांना कोण बघतं?"

'माझी आई' हे दोन शब्द ओठांवर होते. मी म्हणाले, घरात राहणारी बाई आहे, भारतातून आणलेली. इथे त्याला 'लिव्ह-इन' म्हणतात. त्यांनी "गुड" म्हटलं आणि लिहून घेतलं. जागा मला मिळाली. त्या संध्याकाळी आईने शिरा केला.

मग मी तिला तिथे नेलं कसं, असं तू विचारशील. मला वाटलं होतं, मिसेस ब्रँडन फक्त फाटकावर आमची नावं देऊन ठेवतील. शनिवारी त्या दुपारी तीनपर्यंत गोल्फ खेळतात. आपण दोनच्या आत निघू, गाठ पडायची नाही. आणि आई गणपतीपासून अधूनमधून परत जायचं काढत होती. तिला खूश करायचं माझ्या मनात होतं. माझ्या सोयीसाठी खूश करायचं होतं, हेही लिहून टाकते.

अकराच्या सुमाराला आई हौदाच्या पायरीवर बसली होती. आम्ही तिच्यासाठी काळा, झालरीचा पोहण्याचा पोशाख आणला होता, तो तिने घातला खरा, पण त्यावरचा हॉटेलचा पांढरा झगा काढायला तयार नव्हती. झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता. डॉटी नावाची तिथली साठीची कामवाली बाई तिच्याशी मोठमोठ्याने बोलत होती, मोठ्याने बोललं की समजतं अशा समजुतीने, आणि आई तिला तुरळच्या कुंडाबद्दल सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. दोघी खदखदून हसत होत्या. मी गळ्यापर्यंत पाण्यात उभी होते.

तेवढ्यात मिसेस ब्रँडन आल्या. पाऊस लागला म्हणून गोल्फ थांबला होता.

"शैला, यू मेड इट," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईकडे पाहिलं. "अँड दिस मस्ट बी युअर लिव्ह-इन. हाऊ काइंड ऑफ यू टु ब्रिंग हर."

मी म्हणाले, "येस."

"व्हॉट्स हर नेम?"

"शरयू."

नीला, आईचं नाव मी शाळेच्या आणि पासपोर्टच्या फॉर्मवर लिहिलंय. असं नुसतं, तोंडाने, कुणाला हाक मारायला देतात तसं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

आईचं हसणं थांबलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, फळ्यावरची बेरीज चुकली आहे हे बघायला लागतो तेवढाच. तिला इंग्रजी नीट बोलता येत नसलं तरी कळतं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "हॅलो, मॅडम."

संगमेश्वरच्या शाळेत बत्तीस वर्षं तिला सगळं गाव बाई म्हणत होतं. तपासणीला आलेले साहेब ती खोलीत आली की खुर्चीवरून उठायचे. ती मिसेस ब्रँडनना मॅडम म्हणाली आणि माझा टॉवेल उचलून, उलगडून, मी पाण्याबाहेर येईपर्यंत हातात धरून उभी राहिली.

मिसेस ब्रँडन वाईट बाई नाहीत. त्यांनी मला व्हरांड्यात जेवायला बोलावलं, हार्टफर्डच्या कामाबद्दल बोलायचं होतं. म्हणाल्या, ही मागे कामावरच्या मुलींच्या खोलीत बसेल, त्या तिला सँडविच देतील. मी आईजवळ गेले आणि म्हटलं, "आई, अर्धा तास. ऑफिसचं बोलायचंय त्यांना."

ती खाली बघत म्हणाली, "आई म्हणू नकोस. त्यांना कळेल. जा तू."

मी गेले. मी गेले, नीला. अर्धा तास नाही, दीड तास. मासा खाल्ला, त्यावर उंच पायाच्या भांड्यातलं आइस्क्रीम खाल्लं. हार्टफर्डचं काम मला मिळाल्याचं त्यांनी तिथेच सांगितलं. मी हसले, थँक यू म्हटलं, डोंगर छान आहेत म्हटलं.

परत आले तेव्हा मागच्या खोलीत लांब टेबलाशी आई साडी नेसून बसली होती आणि डॉटीबरोबर टॉवेलांच्या घड्या घालत होती. पुऱ्यांचा डबा उघडा होता, डॉटी पुरी खात होती. "शी इज अ हार्ड वर्कर, युअर शारू," ती मला म्हणाली. मला पाहताच आई उभी राहिली.

ती उभी राहिली हे मी पहिल्या पत्रात लिहू शकले नाही. दुसऱ्यातही नाही.

गाडीत हॅरिसबर्ग मागे पडलं. मग आई म्हणाली, "नोकरी जाईल म्हणून बोलली नाहीस ना?"

"हो."

"मग ठीक आहे."

आणखी बऱ्याच वेळाने म्हणाली, "शाळेत पालकसभा असायची. एखादी मुलगी आईला न आणता शेजारच्या काकूला घेऊन यायची. मी विचारायची, आई कुठे? म्हणायची, शेतावर गेलीय. मला ते खरं वाटायचं." ती खिडकीतून बाहेर बघत होती. "बत्तीस वर्षं खरं वाटलं."

वायपर चालू होते, पाऊस कधीचा थांबला होता, ते बंद करायचंही सुचलं नाही.

तिला मी नोकरीचं कारण दिलं. तुलाही तेवढंच देता आलं असतं आणि तू कदाचित मानलंही असतंस. पण मिसेस ब्रँडन दारातून आत आल्या त्या क्षणी, त्यांनी तोंड उघडायच्या आधी, मला आईची लाज वाटली होती. तिच्या भिजलेल्या झग्याची, मोठ्याने हसण्याची, पाण्यात सोडलेल्या भेगाळलेल्या टाचांची. नोकरीचा विचार नंतर आला. आधी लाज आली. हे मी प्रतापलाही सांगितलेलं नाही.

तू दोन वर्षांपूर्वी मला लिहिलं होतंस, 'तू आईला कामाला नेलंस.' त्यावर मी तुला जे जे लिहिलं ते सगळं मागे घेते. तुझं वाक्य तू मागे घेऊ नकोस.

शैला

पार्सिपनी
शुक्रवार, १२ डिसेंबर

नीला,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. आईच्या हाती देते आहे.

आज संध्याकाळी तिचं विमान आहे. तुझा राजीव मुंबईला घ्यायला येणार असं तू प्रतापला फोनवर सांगितलंस, बरं वाटलं. फोन प्रतापच्या हातातून मी घ्यायला हवा होता. तुझा आवाज ऐकून मी सीमाच्या खोलीत गेले आणि तिच्या मोज्यांच्या घड्या करत बसले.

मागच्या पत्रानंतर जे झालं ते सांगते.

तेवीस नोव्हेंबरच्या रविवारी प्रतापला ताप होता, म्हणून आईला आणायला एडिसनला मी गेले. सीमाही आजीबरोबर वर्गाला गेली होती. शोभाने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून बेसमेंटच्या जिन्याकडे पाठवलं. मी चार पायऱ्या उतरून थांबले. खाली आई हजेरी घेत होती. नऊ मुलं कार्पेटवर बसली होती.

"प्रेझेंट," एक मुलगा म्हणाला.

"हजर म्हणायचं."

"हजर, टीचर."

"बाई म्हणायचं."

"हजर, बाई."

तो आवाज, नीला. आपल्या लहानपणचा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत सरळ जाणारा. अडीच वर्षांत माझ्या घरात तो मी एकदाही ऐकला नव्हता आणि ऐकू येत नाही हे लक्षातही आलं नव्हतं. सीमाचं नाव आलं. ती "हजर, बाई" म्हणाली, आजी नाही म्हणाली, आणि पाठ ताठ करून बसली. मी वर येऊन शोभाच्या बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

परत येताना गाडीत काही बोलायचं ठरवलं होतं. आई सीमाला पाढे म्हणायला लावत होती. राहून गेलं.

सोमवारी सकाळी कोट न काढताच मी मिसेस ब्रँडनच्या खोलीत गेले. "झऱ्यावर तुम्हाला भेटली ती बाई आमच्याकडे कामाला नाही," मी म्हणाले. "ती माझी आई आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मी परत म्हटलं. त्यांनी चष्मा काढला.

"मी तुझ्या आईला मागच्या खोलीत बसवलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू मला ते करू दिलंस."

"हो."

"तिला इंग्रजी कळतं?"

"कळतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं होतं, खोटं बोलले म्हणून त्या रागावतील. त्या त्याबद्दल बोलल्याही नाहीत. म्हणाल्या, "माझी आई लोकांच्या घरी कपडे धुवायची, शैला. तू मला काय करून ठेवलंस ते तुला समजतंय का?" मग त्यांनी चष्मा घातला आणि विचारलं, जानेवारीपासून मुलांकडे कोण बघणार. मी म्हणाले, शोधते आहे. हार्टफर्डचं काम त्यांनी त्याच दुपारी दुसऱ्याला दिलं. माझी जागा आहे. आमचं बोलणं कामापुरतं आहे. मागच्या गल्लीतल्या मीनाक्षीबेन मुलांना घेतील, आठ ते सहा. विक्रम तीन दिवस जाऊन आला, पहिले दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी तिथे खिचडी खाल्ली.

त्याच आठवड्यात मी आईचं तिकीट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने तारीख वाचली, घडी घातली, कमरेला खोचली. "परत येणार ना?" मी विचारलं.

"ते तिकडे जाऊन ठरवीन," ती म्हणाली. "इथे बसून ठरवलं तर विक्रमकडे बघून ठरवीन."

जेवण ती अजून स्वयंपाकघरातच घेते. म्हणून मीही आठ-दहा दिवसांपासून ताट घेऊन तिथे जाते, ओट्याशी उभी राहून जेवते. मग प्रताप आला, मग सीमा आली. परवा विक्रमची उंच खुर्चीही आत ओढून आणली. पाचही जण त्या एवढ्याशा जागेत. आई म्हणाली, "तिकडे एवढं मोठं टेबल कशाला घेऊन ठेवलंय?" आणि प्रतापला हसू आलं, मग तिलाही. मला हसू येईना, मी पाणी आणायला वळले.

मिसेस ब्रँडनना मी सांगितलं हे आईला अजून माहीत नाही. अठरा दिवस झाले. रोज सकाळी ठरवते. ती कुकर लावत असते, किंवा विक्रमला भरवत असते, किंवा नुसती खिडकीशी असते, आणि माझी जीभ उचलत नाही. तुला एवढं लिहिते, सात हजार मैलांवर, आणि चार हातांवर उभ्या असलेल्या बाईला दोन वाक्यं सांगता येत नाहीत. ती बॅग भरते आहे आत्ता. तुझ्यासाठी नेस्कॅफेच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळताना तिचा आवाज ऐकू येतोय, प्रतापला सांगतेय की दोरी नीट बांध, गेल्या वेळची सुटली होती.

तुझं पत्र आहे म्हणून पाकिटावर तुझं नाव घातलंय. पाकीट चिकटवलेलं नाही. आई दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही, तुला माहीत आहे. म्हणून तिच्या हातात देताना मी सांगणार आहे की उघडं आहे, विमानात वेळ जाईना तर बघ. एवढं सांगायला जमेल मला.

तर आता पुढचं तुला नाही.

आई, मी तिला सांगितलं. तू माझी आई आहेस असं सांगितलं, तिच्या ऑफिसात, दार उघडं होतं, बाहेर तिघंजण होते, त्यांनीही ऐकलं. उशीर झाला हे मला कळतं. झऱ्यावर तुझी लाज वाटून मी गप्प राहिले, नोकरीसाठी नाही, हे वरच्या पत्रात नाही, नीलाला लिहिलेल्या आधीच्या पत्रात आहे. तिच्याकडून मागून घे आणि वाच. मला माफ कर असं लिहिलं की तू करशील, म्हणून लिहीत नाही. तू घरी जा, आपल्या खोलीत झोप, वाटेल तेव्हा ऊठ, आणि मला काय लिहायचं ते ठरवून लिही. रागाचं लिहिलंस तरी चालेल. नुसतं खुशाल आहे असं लिहू नकोस.

वाचायचा चष्मा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलाय.

शैला